हिब्रू काव्य आणि मसीहाविषयक भविष्यकथन
प्राचीन हिब्रू काव्यातील काही रचना भावी उद्धारकर्त्या राजाविषयीची, म्हणजेच मसीहाविषयीची, भविष्यवाणी म्हणून वाचाव्यात की नाही, हा बायबलच्या समीक्षेतील एक जुना व वादग्रस्त प्रश्न. स्तोत्रसंहिता, यशया, जखऱ्या इ. ग्रंथांतील तसेच गणना या ग्रंथातील बलामाच्या उद्गारांसारख्या काव्यमय भागांशी तो निगडित आहे. ख्रिस्ती परंपरेने या रचनांत येशू ख्रिस्ताचा जन्म, त्याच्या यातना व त्याचे राज्य यांचे पूर्वकथन पाहिले. ज्यू परंपरेने त्यांपैकी काही मसीहापर मानल्या, तर काही दावीद, हिज्कीया यांसारख्या ऐतिहासिक राजांना वा समग्र इस्राएल लोकांना लावल्या. हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राचा असला, तरी काव्य कोणत्या प्रकारचे विधान करते आणि ते कशाचा पुरावा होऊ शकते, हा साहित्यविचारातील मूलभूत प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

संज्ञा व तिचा अर्थ : ‘मसीहा’ हा शब्द ‘माशियाह’ या हिब्रू शब्दावरून आला असून ‘तेलाने अभिषेक झालेला’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. राजाला वा प्रमुख याजकाला पदावर बसविताना त्याच्या मस्तकावर तेल ओतण्याचा विधी प्राचीन इस्राएलमध्ये रूढ होता. हिब्रू बायबलमध्ये हा शब्द सु. ३८ वेळा येतो. शौल व दावीद या राजांना, लेवीय ग्रंथात प्रमुख याजकाला आणि यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात तर सायरस (कोरेश) या परकीय इराणी सम्राटालाही तो लावलेला आहे. अंतिम युगात येणारा उद्धारकर्ता राजा, अशा पारिभाषिक अर्थाने तो हिब्रू बायबलमध्ये निःसंदिग्धपणे कोठेही आलेला नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो अर्थ इ. स. पू. शेवटच्या दोन शतकांत हळूहळू दृढ झाला. ‘माशियाह’ याचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’ असे झाले व त्यावरूनच ‘ख्रिस्त’ हे अभिधान आले. मराठी बायबलच्या दुसऱ्या स्तोत्रात ‘अभिषिक्त’ हा शब्द योजिला असल्यामुळे राज्याभिषेकाचा मूळ संदर्भ वाचकाच्या ध्यानात राहतो.

‘भविष्यवाणी’ ही संज्ञाही तितकीच सावधपणे वापरावी लागते. हिब्रू संदेष्ट्याचे मुख्य कार्य पुढे घडणाऱ्या घटनांची यादी देणे हे नव्हते. आपल्या काळातील राजाला व प्रजेला परमेश्वराच्या वतीने इशारा देणे, अन्यायाबद्दल दोष देणे आणि संकटात धीर देणे, हे ते कार्य होय. भविष्याचा उल्लेख त्याच्या वाणीत येतो, तो बहुधा वर्तमानावर परिणाम घडविण्यासाठी.

काव्याची घडण : हिब्रू काव्याचे प्रमुख लक्षण म्हणजे समांतरता. एका चरणातील आशय दुसऱ्या चरणात वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडला जातो, त्याला विरोध दाखविला जातो किंवा तो पुढे नेला जातो. रॉबर्ट लौथ याने ऑक्सफर्ड येथील आपल्या व्याख्यानांत हे तत्त्व पद्धतशीरपणे मांडले. ती व्याख्याने १७५३ मध्ये लॅटिनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जेम्स कूगेल (१९८१) व रॉबर्ट ऑल्टर (१९८५) यांनी या विचाराची फेरतपासणी करून दुसरा चरण ही निव्वळ पुनरुक्ती नसते, तो पहिल्याला अधिक धार वा नेमकेपणा देतो, हे दाखवून दिले. मात्र दोन चरण मिळून एकच प्रतिमा उभी राहते, हा मुद्दा कायम राहिला.

भविष्यकथनाच्या वादात या घडणीचे महत्त्व मोठे आहे. जखऱ्याच्या नवव्या अध्यायात नम्र राजा गाढवावर बसून येतो, असे वर्णन असून पुढच्या चरणात त्याच प्राण्याचा शिंगरू म्हणून पुन्हा उल्लेख होतो. काव्यदृष्ट्या प्राणी एकच आहे. मार्क, लूक व योहान यांच्या शुभवर्तमानांत येशू एकाच शिंगरावर बसून यरुशलेमात प्रवेश करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र गाढवी व तिचे शिंगरू असे दोन प्राणी आणले जातात. मत्तयाला समांतरता ठाऊक नव्हती, असे यावरून म्हणता येणार नाही. पवित्र ग्रंथातील प्रत्येक शब्दाला स्वतंत्र अर्थ देण्याची तत्कालीन ज्यू भाष्यपद्धती त्याने जाणून अवलंबिली असावी, असे अनेकांचे मत आहे. तथापि काव्याचे रूपांतर पूर्वकथनात करताना काव्यरूप कसे मागे पडते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. बाविसाव्या स्तोत्रातील वस्त्रांच्या वाटणीविषयीचे दोन समांतर चरण योहानाच्या शुभवर्तमानात अशाच प्रकारे दोन स्वतंत्र कृतींत विभागले गेले आहेत.

हिब्रू क्रियापदांची रूपेही वाचनाला अनेक वाटा मोकळ्या ठेवतात. ती प्रामुख्याने काळापेक्षा क्रियेची पूर्णता वा अपूर्णता दर्शवितात आणि काव्यात त्यांचा वापर अधिकच सैल होतो. त्यामुळे एकच ओळ घडून गेलेल्या, घडत असलेल्या किंवा घडणाऱ्या गोष्टीविषयी आहे, असे मानता येते. यशयाच्या नवव्या अध्यायातील राजपुत्राच्या जन्माचे वर्णन पूर्णतादर्शक रूपांत आहे. आल्ब्रेख्ट आल्ट याने १९५० मध्ये तेथील बिरुदांची तुलना ईजिप्शियन राजांना राज्यारोहणप्रसंगी दिल्या जाणाऱ्या बिरुदांशी केली व हे गीत यहूदाच्या राजाच्या राज्यारोहणाशी संबंधित असल्याचे प्रतिपादिले. अनेक ज्यू भाष्यकारांनी ते हिज्कीया राजाला लावले आहे.

राजस्तोत्रे : स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे असून त्यांपैकी २, ४५, ७२, ८९, ११० व १३२ ही स्तोत्रे राजाशी संबंधित रचनांत विशेष महत्त्वाची आहेत. दुसऱ्या स्तोत्रात परमेश्वर राजाला आपला पुत्र म्हणून घोषित करतो. पंचेचाळिसावे हे राजाच्या विवाहाचे गीत आहे. बहात्तराव्यात राजाला न्याय, समृद्धी व दिगंत सत्ता लाभावी, अशी प्रार्थना आहे. एकशेदहाव्यात राजाला मलकीसदेकाच्या परंपरेतील याजकत्व दिले जाते. हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) याने स्तोत्रांचे प्रकारानुसार वर्गीकरण केले व प्रत्येक प्रकारामागे उपासनेतील वा दरबारातील विशिष्ट प्रसंग असल्याचे दाखविले. सिग्मुंड मोव्हिंकल (१८८४–१९६५) याने राजस्तोत्रे यरुशलेमच्या मंदिरातील विधींशी जोडली. मसीहाची कल्पना अंतिम युगाशी निगडित असून ही स्तोत्रे मात्र सिंहासनावर बसलेल्या राजाला उद्देशून आहेत, हा भेद त्याने काटेकोरपणे पाळला.

याविरुद्ध बाजूचे सर्वांत समर्थ विवेचन ई. डब्ल्यू. हेंग्स्टेनबेर्ख याने जुन्या करारातील ख्रिस्तविचारावरील आपल्या ग्रंथात (१८२९–३५) केले. या पक्षाचा प्रमुख युक्तिवाद असा, की स्तोत्रांतील वर्णन यहूदाच्या कोणत्याही राजाला लागू पडण्याइतके लहान नाही; डोंगराळ प्रदेशातील एका छोट्या राज्याच्या अधिपतीला समुद्रापासून समुद्रापर्यंतची सत्ता व अक्षय सिंहासन कोठून असणार? त्याला उत्तर दिले जाते, ते असे, की ईजिप्त व मेसोपोटेमिया येथील दरबारी काव्यातही अशीच अतिशयोक्ती आढळते व ती त्या प्रकाराची रूढ शैली आहे. हे उत्तर बरोबर आहे. परंतु ते पुरेसे नाही. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनियनांनी यरुशलेम उद्ध्वस्त केले व दावीदाच्या घराण्याची सत्ता संपली. एकोणनव्वदाव्या स्तोत्रात दावीदाला दिलेले वचन मोडल्याची तक्रार थेट परमेश्वराकडेच केलेली आहे. राजा राहिला नाही, तरी राजस्तोत्रे टाकून देण्यात आली नाहीत. निर्वासनानंतर संहितेची रचना करणाऱ्यांनी ती जपली. जेरल्ड विल्सन याने १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे दुसरे, बहात्तरावे व एकोणनव्वदावे ही स्तोत्रे संहितेच्या पाच भागांपैकी पहिल्या तीन भागांच्या सांध्यांवर आढळतात. सिंहासन रिकामे असताना म्हटलेले राज्याभिषेकाचे गीत आपोआपच भावी राजाची अपेक्षा बनते. मूळ कवीच्या मनात भविष्य नसले, तरी संहितेच्या घडणीत ते शिरले, असे म्हणणे त्यामुळे भाग पडते.

विलापस्तोत्र व सेवकगीत : बाविसावे स्तोत्र परमेश्वराने टाकून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होते. त्यात शत्रूंना पशूंच्या उपमा आहेत, शरीर गळून गेल्याचे वर्णन आहे आणि शेवट मात्र आभार व स्तुती यांत होतो. पीडिताचे नाव कोठेही नाही. प्रतिमा ठसठशीत आणि व्यक्ती अनामिक, हे विलापस्तोत्रांचे वैशिष्ट्यच आहे. कोणत्याही पीडिताला ते शब्द आपले म्हणून उच्चारता यावेत, यासाठी ते उपयुक्त ठरते. मार्क व मत्तय यांच्या शुभवर्तमानांत क्रुसावरील येशू या स्तोत्राचा आरंभ उच्चारतो. तेथे एक पीडित ज्यू माणूस आपल्या परंपरेतील प्रार्थना म्हणत आहे. शुभवर्तमानकारांनी क्रुसावरील मृत्यूची कथाच या स्तोत्राच्या शब्दांत सांगितली असल्यामुळे कथा व स्तोत्र यांतील साम्य हा भविष्यकथनाचा स्वतंत्र पुरावा मानता येत नाही.

याच स्तोत्रातील हात व पाय यांविषयीच्या एका चरणाचा पाठ वादग्रस्त आहे. परंपरागत हिब्रू पाठात तेथे ‘सिंहासारखे’ असा अर्थ होणारा शब्द आहे. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात ‘खणले’ अशा अर्थाचे क्रियापद आहे. मृत समुद्राजवळील नहल हेव्हर येथे सापडलेल्या एका हस्तलिखिताच्या तुकड्यात क्रियापदाला जवळचे रूप दिसते. दोन्ही पाठांतील फरक प्रामुख्याने ‘योद’ व ‘वाव’ या, हस्तलेखनात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा आहे. ख्रिस्ती वादात या चरणाला फार महत्त्व मिळाले; परंतु नव्या कराराच्या लेखकांपैकी कोणीही तो क्रुसावरील खिळ्यांचा पुरावा म्हणून उद्‌धृत केलेला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यशयाच्या बावन्नाव्या अध्यायाच्या शेवटी सुरू होऊन त्रेपन्नाव्या अध्यायात पूर्ण होणारे सेवकगीत हा या वादाचा केंद्रबिंदू होय. बेर्नहार्ट डूम याने १८९२ मध्ये यशयातील चार सेवकगीते वेगळी काढून दाखविली. त्यांतील हे चौथे. इतरांच्या अपराधांचे ओझे वाहून मूकपणे यातना सोसणारा सेवक त्यात वर्णिलेला आहे. याच ग्रंथाच्या एकेचाळिसाव्या, चव्वेचाळिसाव्या व एकोणपन्नासाव्या अध्यायांत इस्राएललाच सेवक म्हटले आहे; त्यामुळे सेवक म्हणजे बॅबिलनच्या निर्वासनात पिचलेला समाज, हा अर्थ संदर्भाला धरून आहे. तो केवळ ख्रिस्ती मताला विरोध म्हणून मध्ययुगात पुढे आला, हे खरे नाही. ज्यू लोक सेवकाचा अर्थ समग्र लोकसमूह असा करतात, याची नोंद ऑरिजेन या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकातच केलेली आहे. दुसऱ्या बाजूस, मसीहापर अर्थ केवळ ख्रिस्ती आहे, हेही खरे नाही. यशयाच्या अरॅमिक भाषांतरात सेवकाला मसीहा म्हटले असून यातना मात्र इतरांकडे वळविलेल्या आहेत आणि बॅबिलोनियन तालमूदमध्ये मसीहाच्या एका नावाला या गीताचा आधार दिलेला आहे. नव्या कराराच्या प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात एक इथिओपियन अधिकारी हे गीत वाचताना, संदेष्टा स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्याविषयी, असे विचारतो. गीतातील सेवकाची अनामिकता पहिल्या शतकातील वाचकालाही जाणवत होती, हे त्यावरून दिसते.

प्राचीन वाचनपरंपरा : काव्य भविष्यवाणी म्हणून वाचण्याची पद्धत ख्रिस्ती लोकांनी सुरू केली नाही. १९४७ पासून कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांत सदतिसाव्या स्तोत्रावरील भाष्य असून त्यातील सज्जन व दुर्जन हे भाष्यकाराच्या पंथातील व काळातील व्यक्ती म्हणून ओळखविले आहेत. तेथीलच एका स्तोत्रसंग्रहातील गद्य टिपणात दावीदाने ४,०५० रचना केल्या व त्या सर्व भविष्यवाणीच्या प्रेरणेने केल्या, असे म्हटले आहे. इ. स. पू. ६३ मध्ये पाँपीने यरुशलेम घेतल्यानंतरच्या काळातील ‘शलमोनाची स्तोत्रे’ या ग्रंथाच्या सतराव्या गीतात दुसऱ्या स्तोत्रातील प्रतिमा घेऊन दावीदवंशीय मसीहाची प्रतीक्षा व्यक्त केली आहे. पहिल्या ख्रिस्ती वाचकांना ही पद्धत परंपरेनेच मिळाली होती.

या वाचनाचे परिणाम केवळ ग्रंथांपुरते राहिले नाहीत. बलामाच्या उद्गारांत याकोबातून उगवणाऱ्या ताऱ्याची प्रतिमा आहे. तालमूदच्या परंपरेनुसार रब्बी अकिबा याने ती रोमविरुद्ध उठलेल्या सिमोन बार कोसिबा याला लावली व त्यावरूनच बार कोखबा, म्हणजे ‘ताऱ्याचा पुत्र’, हे नाव रूढ झाले. १३२ ते १३५ या काळातील तो उठाव मोडला गेला, जुडीया उद्ध्वस्त झाला आणि यरुशलेममध्ये राहण्यास ज्यूंना बंदी झाली. पराभवानंतर हीच प्रतिमा रब्बींच्या परंपरेत भावी मसीहासाठी राखून ठेवण्यात आली.

वादविवाद : ख्रिस्ती परंपरेतही एकमत नव्हते. मॉप्सुएस्टियाचा थिओडोर (सु. ३५०–४२८) याने केवळ चार स्तोत्रे प्रत्यक्ष ख्रिस्ताविषयी मानली व बाकीची त्यांच्या ऐतिहासिक संदर्भात लावली. ५५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने त्याचा व त्याच्या लेखनाचा निषेध केला. ज्यू बाजूस राशी (१०४०–११०५) या भाष्यकाराने दुसऱ्या स्तोत्राचा अर्थ पूर्वसूरी मसीहापर करीत, असे नमूद करून तो दावीदालाच लावणे योग्य, असे म्हटले. काही हस्तलिखितांत त्याचे कारण विरोधकांना उत्तर देणे, असे स्पष्ट दिलेले आहे. ख्रिस्ती वाचनाच्या दडपणामुळे ज्यू वाचनही कसे आकसले, हे यातून दिसते. १२६३ मध्ये बार्सेलोना येथे ॲरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर पाब्लो क्रिस्तियानी व मोझेस बेन नाहमान (नाहमानिडीझ) यांच्यात जाहीर वाद झाला. त्यात यशयाचे सेवकगीत व एकशेदहावे स्तोत्र यांचाही विचार झाला. नाहमानिडीझला पुढे स्पेन सोडावे लागले. १४१३-१४ मधील तोर्तोसा येथील वादाच्या काळात अनेक ज्यूंना दडपणाखाली धर्मांतर करावे लागले. काव्याचा एक अर्थ सिद्ध प्रमेय ठरला, की तो न स्वीकारणारा वाचक आंधळा वा हट्टी ठरतो आणि त्याच्यावर सक्ती करणे समर्थनीय वाटू लागते, हे या इतिहासातून प्रत्ययास येते.

भाषांतराच्या क्षेत्रातही हा वाद उमटला. यशयाच्या सातव्या अध्यायातील वचन काव्य नसून प्रामुख्याने गद्य आहे. तरीही त्यातील ‘अल्मा’ या शब्दाचे ‘तरुण स्त्री’ असे भाषांतर १९५२ च्या सुधारित इंग्रजी बायबलमध्ये आले, तेव्हा अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळले. महाराष्ट्रात कोकणातील बेने इस्राएल हा मराठी भाषक ज्यू समाज आणि ख्रिस्ती मिशनरी यांचा संबंध याच ग्रंथांच्या अध्ययनातून आला. जॉन विल्सन (१८०४–७५) याने १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. शिकविणारा व शिकणारा यांचे धर्म भिन्न असले, तरी मूळ हिब्रू शब्दाकडे जाण्याची वाट दोघांना समान होती. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन : या प्रश्नाला एकच उत्तर देण्याचा प्रयत्न बहुधा दोन भिन्न प्रश्नांच्या सरमिसळीमुळे होतो. रचनेच्या वेळी या कवितेचा अर्थ काय होता, हा पहिला प्रश्न. तिला पुढे कोणते अर्थ प्राप्त झाले व ते तिच्यातून स्वाभाविकपणे निघतात काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नापुरते पाहता राजस्तोत्रे, विलापस्तोत्रे व सेवकगीत यांतून कित्येक शतकांनंतरच्या एका विशिष्ट व्यक्तीचे तपशीलवार पूर्वकथन सिद्ध होत नाही. अँटनी कॉलिन्स या इंग्रज विचारवंताने १७२४ मध्येच, नव्या करारात आधारार्थ घेतलेली वचने त्यांच्या शब्दशः अर्थाने लागू पडत नाहीत, हे दाखवून दिले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र वेगळे आहे. राजाविषयीची अतिशयोक्ती प्रत्यक्षात उतरली नाही. तिच्यातील न्यायाची अपेक्षा शिल्लक राहिली. पीडिताचे नाव कवीने दिले नाही. त्यामुळे ती जागा पुढच्या वाचकांसाठी मोकळी राहिली. मसीहापर वाचन या मोकळ्या जागेतून निर्माण झाले आहे. ते काव्यावर बाहेरून लादलेले आहे, असे सरसकट म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. लौथसारख्या काव्यमर्मज्ञानेही दुसऱ्या स्तोत्रात दावीद व मसीहा असा दुहेरी अर्थ मान्य केला होता.

मसीहापर वाचनाच्या ग्राह्यतेची कसोटी काव्याच्या घडणीतच सापडते. जे वाचन समांतरता, प्रकार व मूळ प्रसंग लक्षात घेऊन पुढे जाते, ते मूळ अर्थाचा विस्तार करते. जे वाचन या गोष्टी डावलून एकेक चरण सुटा करते व त्याचे घटनेशी मोजमाप घेते, ते कवितेला साक्षीपत्राचे रूप देते. त्यात कवितेची हानी होते. बाविसावे स्तोत्र केवळ क्रुसाचे पूर्ववृत्त ठरले, तर ज्या अनाम माणसाने ते प्रथम उच्चारले त्याचे दुःख नाहीसे होते आणि त्यानंतर तेच शब्द उच्चारणाऱ्या असंख्य पीडितांचाही त्यावरील हक्क संपतो. पोपच्या बायबलविषयक आयोगाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात जुन्या करारातील भविष्यवचने ही भावी घटनांची आगाऊ घेतलेली छायाचित्रे मानणे चुकीचे असल्याचे व ज्यूंचे बायबलवाचन हेही एक शक्य वाचन असल्याचे मान्य केले आहे. ख्रिस्ती वाचक आपल्या श्रद्धेच्या प्रकाशात या काव्यात ख्रिस्ताला पाहू शकतो. ज्यू वाचक त्यात आपल्या लोकांचा इतिहास व अजून न आलेल्या मसीहाची प्रतीक्षा पाहू शकतो. यांपैकी कोणत्याही एका वाचनाने दुसरे खोटे ठरते, असा दावा करण्यास मात्र हिब्रू काव्यात आधार मिळत नाही.